हात असलेली खुर्ची

४ फेब्रुवारी

खारूताई,

फोन कर म्हणतेस, पण फोनवर तू ‘हो ना, हो ना’ म्हणत दुसरंच काहीतरी टाइप करत असतेस, ते मला इथे ऐकू येतं. म्हणून पत्र. पत्र वाचताना माणसाला निदान माझ्याकडे बघावं तरी लागतं.

बातमी अशी की आमच्या बँकेच्या बरोबर समोर, जिथे रंगाचं दुकान होतं तिथे, काचेची शाखा उघडली आहे. पाटी तुमच्या बँकेची. रस्ता इतका अरुंद, की त्यांचं दार उघडलं की आतली गार हवा माझ्या केबिनपर्यंत येते. तेवढं एक फुकट मिळतं. त्यांचा मॅनेजर ओळख करून घ्यायला आला होता. तरुण आहे, टाय लावतो, म्हणून आम्ही त्याचं नाव टायवाला ठेवलं. वागायला सभ्य. पण दवाखान्यात आलेला माणूस शेजारच्या पेशंटकडे जसं बघतो, तसं त्याने आमच्या हॉलकडे पाहिलं. एक बाक, एक आवाज करणारा पंखा आणि जाळीमागे कपाळाला आठ्या घातलेला आमचा कॅशियर. त्याचंही काही चुकलं नाही.

ठेवींवर तो आमच्यापेक्षा दीड टक्का जास्त व्याज देतो. आमचे अध्यक्ष, ज्यांना तू लहानपणी मिशीआजोबा म्हणायचीस, लगेच म्हणाले की आपणही वाढवू. मी म्हटलं, ठेवीदाराला जास्त द्यायचं तर कर्जदाराकडून जास्त घ्यावं लागणार. चांगला कर्जदार उठून समोर जाईल. मग आपल्याकडे राहील कोण? ज्याला परत द्यायचंच नसतं, तो व्याज किती हे विचारतही नाही. अध्यक्ष हसले आणि म्हणाले, तुम्ही फार घाबरता बाई. मी त्यांना सांगितलं की मी घाबरण्याचाच पगार घेते.

तर आता खरं सांग. ही शाखा येणार हे तुला माहीत होतं का? आणि हेड ऑफिसात तुला कुठल्या खात्यात टाकलंय, हे तू दोन पत्रांत सांगितलेलं नाहीस.

तुझी, समोरच्या बाजूची,
आत्या

१२ फेब्रुवारी

आत्या,

माहीत होतं. सांगायची परवानगी नव्हती. तूच शिकवलंयस की बँकेतली गोष्ट घरी आणायची नाही आणि घरातली बँकेत न्यायची नाही, तेव्हा आता रागावू नकोस. माझ्या खात्याचं नाव ग्राहकवाढ विभाग. नाव ऐकून खतांच्या कारखान्यात लागल्यासारखं वाटतं.

पण तुझ्याशी थोडं भांडते. आई गेली, बाबा जहाजावर, तेव्हा तू मला घेऊन आलीस आणि माझं सगळं लहानपण तुझ्या बँकेतल्या त्या एका बाकावर गेलं. शाळा सुटली की तिथे बसून मी अभ्यास करायचे. कॅशियरकाका नोटांच्या बंडलाच्या कागदी पट्ट्या द्यायचे, मी त्यांच्या साखळ्या करायचे. त्या बाकावरून मी काय काय पाहिलंय ते तुला केबिनमधून दिसलं नसेल. शिवणकाम करणाऱ्या ताई एका मशिनच्या कर्जासाठी खेटे घालून घालून थकल्या होत्या. म्हातारी माणसं बाकावर बसायची, पण बाकाला टेकू नाही, धरायला काही नाही, त्यामुळे उठता यायचं नाही. मी त्यांना हात देऊन उठवायचे. ती माझी पहिली नोकरी, बिनपगारी.

तुझी बँक प्रेमळ होती, पण झोपलेली होती. बाजारात एकच दुकान असलं की दुकानदार पेपर वाचत बसतो. समोर दुसरं आलं की दोघेही हसून बोलायला लागतात. व्याजाचं तुझं म्हणणं मला पटतं, पण घाबरण्याचा पगार घेणाऱ्यांनी जरा धावायचाही घ्यावा.

हे एवढं लिहायचं धाडस तुझ्यामुळेच आलंय. तू मला गप्प बस असं कधीच म्हणाली नाहीस, त्याचे उपकार मी कुठे फेडू?

पाठ कशी आहे? फार वेळ उभी राहू नकोस.

तुझी,
खारूताई

२१ मार्च

खारूताई,

तू जिंकलीस. पेढीवर बसलेल्या माणसाला समोर दुसरी पेढी लागतेच. ज्या कर्जाला आम्ही दीड महिना लावायचो ते आता आठवड्यात होतं. शिवणवाल्या ताईंना दुसरं मशीन मिळालं. पंखा आता वाराही देतो. दुसरं बाक आणलं. कॅशियर गिऱ्हाइकांकडे बघून हसू लागला. पहिल्या दिवशी दोघी बायका घाबरून परत गेल्या, पण आता सवय झाली आहे. टायवाल्याचे मनापासून आभार मानावेत असं वाटतं. रोज सकाळी दार उघडताना आम्ही एकमेकांना हात करतो. तो माझ्या आधी उघडतो, म्हणून मी दहा मिनिटं लवकर येऊ लागले. मग तोही लवकर येऊ लागला. असंच चाललं तर आम्ही दोघं आदल्या दिवशीच बँक उघडू.

तुमच्या बँकेने मात्र एक नवी टूम काढली आहे. दुसऱ्या बँकेतलं खातं बंद करून पावती आणा, इथे खातं उघडा आणि घडीची खुर्ची घेऊन जा. निळी खुर्ची, पाठीवर तुमचं नाव. टायवाल्याने आग्रह केला म्हणून मी बसून पाहिली. चांगली आहे, डुगडुगत नाही. कल्पना कोणाची म्हणून विचारलं, तर हेड ऑफिसमधल्या कोणाची तरी, म्हणाला. कोणाची का असेना, त्या माणसाला माणसं कळतात. लोकांना दीड टक्का कळत नाही, पण खुर्ची कळते.

पंचाईत आमची झाली आहे. आमची रीत तुला ठाऊक आहे. ज्या म्हाताऱ्यांनी ही बँक काढली त्यांनी घालून दिलेली. खातं उघडणाऱ्याचे आभार कोणीही मानतो, बंद करणाऱ्याचे मॅनेजरने मानायचे. त्याला केबिनमध्ये बसवायचं, पाणी द्यायचं, आमचं काही चुकलं का म्हणून विचारायचं आणि दारापर्यंत सोडायला जायचं. इतकी वर्षं महिन्याकाठी एखादा असायचा. आता रोज रीघ आहे. माझी निम्मी सकाळ लोकांना दारापर्यंत सोडण्यात जाते. बहुतेकजण लाजून जमिनीकडे बघतात. एकीने तर खुर्चीसाठी जातेय म्हणून माफी मागितली आणि वर विचारलं, तुम्हालाही एक आणून देऊ का?

अध्यक्षांनी शेवटी व्याज वाढवलंच, आणि ते भरून काढायला शहराबाहेरच्या एका शीतगृहाला चढ्या व्याजाने मोठं कर्ज दिलं. बाकी सगळं ठीक.

तुझी, अजून उभी असलेली,
आत्या

२ एप्रिल

आत्या,

आज घाईत लिहितेय. मला बढती मिळणार असं दिसतंय. साहेबांनी सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं. एका योजनेसाठी. सविस्तर भेटल्यावर सांगेन, पत्रात नको. एवढं मात्र लिहिते की माझ्यात जे काही बरं आहे ते तुझ्या त्या बाकावरून आलंय, आणि टाळ्या वाजत होत्या तेव्हा मला तूच आठवलीस.

खातं बंद करणाऱ्यांना एक छापील आभारपत्र का देत नाहीस? तुझी पाठ वाचेल आणि वेळही.

आणि ‘बाकी सगळं ठीक’ म्हणजे काय? बाबांचं जहाज लांबलं की तू हेच म्हणायचीस. ते वाचलं की मी पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचते. शीतगृहाचे हप्ते येताहेत ना?

तुझी,
खारूताई

१८ एप्रिल

आत्या,

तुझं उत्तर नाही. आज दुपारपासून तुझा फोन लागत नाही, बँकेचाही लागत नाही. हे पत्र तुला मिळेपर्यंत काय झालेलं असेल ते मला माहीत नाही, पण लिहिल्याशिवाय मला बसवत नाहीये.

दुपारी तुमच्या समोरच्या शाखेतून हेड ऑफिसला एक फोटो आला. खाली लिहिलं होतं, ‘योजनेला तुफान प्रतिसाद.’ साहेबांनी तो मोठ्या पडद्यावर लावला. रस्त्यावर लांबच लांब रांग, आणि रांगेतली माणसं आपल्या निळ्या खुर्च्या टाकून बसलेली. सगळे हसले, कोणीतरी माझी पाठ थोपटली. मी मात्र खुर्च्यांकडे बघतच नव्हते. मी त्यांच्या मागच्या पायऱ्या बघत होते. तिसरी पायरी कोपऱ्यात तुटलेली. मी तिथून पडले होते, तू मला उचलून आत नेलं होतंस. ती रांग आमच्या दाराशी नव्हतीच. ती तुझ्या दाराशी होती.

आत्या, ती खुर्ची माझी आहे. योजना माझी, पावतीची अट माझी, शेवटच्या आठवड्यात घाई करा ही जाहिरातही माझीच. समोर तुझी बँक आहे हे मला माहीत होतं. मला वाटलं, दहा-वीस खाती जातील, तू चिडशील, आणखी एक बाक आणशील. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. फक्त अवलक्षण तुझ्या दाराशी बसलंय.

उद्या सकाळी साहेबांकडे जातेय. काय बोलायचं ते ठरलेलं नाही, पण गप्प बसणार नाही. ते तू मला शिकवलेलंच नाहीस.

खारूताई

२७ एप्रिल

खारूताई,

बँक आहे. हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं तू श्वास घेऊन वाचशील.

झालं असं. त्या दिवशी लांबलेले पगार झालेले. मागच्या शाळेतले सगळे शिक्षक एकदम आले, खुर्च्या संपायच्या आत खाती बंद करायला. मी एकेकाला केबिनमध्ये बसवतेय, पाणी देतेय, दारापर्यंत सोडतेय. मागचे ताटकळताहेत. त्यात काहीजण असे, की स्वतःचं खातं आधीच बंद करून खुर्ची मिळवलेली आणि आता बायकोचं बंद करायला आलेले. हे अनुभवी लोक. त्यांनी खुर्ची बरोबर आणली होती. रांग दाराबाहेर गेली, वह्या-पुस्तकांच्या दुकानाच्या पुढे गेली, आणि अनुभवी लोकांनी रस्त्यातच खुर्च्या उघडून ठाण मांडलं. त्यांचं पाहून बाकीच्यांनी घरून खुर्च्या मागवल्या.

बँकेबाहेर माणसं उभी असली तर लोक म्हणतात, गर्दी आहे. पण खुर्च्या टाकून बसली असली तर म्हणतात, पैसे घेतल्याशिवाय ही हलणार नाहीत, असं झालंय तरी काय? दुपारपर्यंत शहरभर झालं की आमची बँक बुडाली. आणि त्यात खरं काहीच नव्हतं असंही नाही. शीतगृहाचे हप्ते थांबले होते, आणि तिथे माल नेणारे ट्रकवाले दाराला कुलूप बघून आले होते. आग कोणी लावली नव्हती, पण गवत आम्हीच वाळवून ठेवलं होतं.

माझ्या आभार मानण्याने रांग लांबली आणि रांगेने बँक बुडायची वेळ आली. छापील पत्र दे, असं तू म्हणाली होतीस. हसू नकोस.

अध्यक्षांची पाचावर धारण बसली. ते म्हणाले की संगणक बंद पडल्याची पाटी लावू. मी नाही म्हटलं. खोटं बोलून लावलेलं दार खरं बोलून उघडता येत नाही. आम्ही मागेल त्याला पैसे दिले. तिजोरी मात्र डोळ्यांदेखत उतरत होती.

आता गंमत ऐक. लोक आमच्याकडून पैसे काढून नेणार कुठे? समोर. दुसऱ्या दिवशी सकाळी टायवाल्याच्या दाराशीही रांग. भरणाऱ्यांची. पण रांगेच्या तोंडावर भरणा की काढणं हे लिहिलेलं नसतं. येणाऱ्याजाणाऱ्यांना वाटलं, तीही बुडाली. अकराच्या सुमाराला त्याच्या रांगेत निम्मे लोक पैसे ठेवायला उभे होते आणि निम्मे काढायला, आणि दोन्ही निम्म्यांना वाटत होतं की दुसऱ्यांना आपल्यापेक्षा जास्त माहिती आहे.

तो मागच्या बोळातून माझ्याकडे आला. गळ्यात टाय नव्हता. त्याला बसवून पाणी दिलं. त्याच्या तिजोरीत आमच्याच नोटा होत्या, आमच्या कॅशियरच्या हातच्या पट्ट्या अजून न सोडलेल्या. नोटा तिकडे, माणसं इकडे, मध्ये चार पावलांचा रस्ता. पण वरून हुकूम आल्याशिवाय तो एक बंडल मला देऊ शकत नव्हता, आणि मीही तसं घेतलं नसतं.

तेवढ्यात फोन वाजला. तू मला ‘मॅडम’ म्हणालीस. “मॅडम, तारण काय देऊ शकाल?” मी म्हटलं, “सरकारी रोखे आहेत, मॅडम.” मोजकं बोललो. फोन ठेवल्यावर मी थोडा वेळ भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. टायवाला शहाणा, तो खिडकीबाहेर बघत राहिला.

हुकूम मिळाला आणि समोरून नोटा आल्या, त्या मी पुढच्या दारानेच आणायला लावल्या, सगळ्यांच्या देखत. मग टायवाल्याला विचारलं, तुमच्याकडे खुर्च्या किती उरल्यात? त्याला वाटलं, बाईंचं डोकं फिरलं. मी म्हटलं, रस्त्यावर एकही माणूस दिसता कामा नये. उरलेल्या सगळ्या खुर्च्या निम्म्या आमच्याकडे, निम्म्या त्याच्याकडे. हॉलमध्ये, कागदपत्रांच्या खोलीत, मागच्या अंगणात, जागा मिळेल तिथे मांडल्या. प्रत्येकाला टोकन, प्रत्येकाला खुर्ची. मी केबिन सोडलं आणि खुर्च्यांमधून फिरत तिथेच एकेकाचे आभार मानले. जेवणवेळेपर्यंत रस्ता मोकळा झाला. येणाऱ्याजाणाऱ्यांना बघायला काहीच उरलं नाही, तेव्हा तेही घरी गेले.

निवृत्त हेडमास्तर आले होते, आयुष्यभराची ठेव काढायला. अर्ज हातात धरून त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, “बाई, खरं सांगा. इथे बसलेल्या सगळ्यांना द्यायला तुमच्याकडे पैसे आहेत का?”

मी म्हटलं, “सगळ्यांना एकाच दिवशी द्यायला कुठल्याच बँकेकडे नसतात, मास्तर. समोरच्यांकडेही नाहीत. ते लोकांच्या घरांत, दुकानांत, मशिनांत असतात. रोज येतील त्यांना द्यायला असतात, म्हणून बँक चालते.”

त्यांनी बराच विचार केला. मग अर्जाची घडी करून खिशात ठेवली. “मग आज मी येत नाही,” म्हणाले, आणि तिथेच बसून राहिले. बँक बंद होईपर्यंत. कोणी काही विचारलं की तेच वाक्य त्याला समजावून सांगायचे, वर्गात सांगावं तसं. शिवणवाल्या ताई पैसे घेऊन दारापर्यंत गेल्या, परत आल्या आणि कॅशियरला म्हणाल्या, मोजलेले आहेत, तसेच ठेवून घ्या. कॅशियर हसला. या वेळी कोणी घाबरलं नाही.

तिसऱ्या दिवसापासून पैसे परत येऊ लागले. तपासनीस आले, त्यांनी वह्या पाहिल्या. शीतगृहाचं बरंच बुडणार आहे. अध्यक्षांनी राजीनामा दिला. व्याज पुन्हा खाली आणलं. आमच्या कानाखाली बसायला हवी होती, ती बसली. पण आवाज झाला तेवढी लागली नाही, याचे मी कोणाकोणाचे आभार मानू? मास्तरांचे, ताईंचे, माझ्या आठ्यावाल्या कॅशियरचे. आणि टायवाल्याचे. त्याला नुसतं दार लावून बसता आलं असतं.

तुझी,
आत्या

६ मे

आत्या,

तुझं पत्र किती वेळा वाचलं ते विचारू नकोस. मास्तरांपाशी आले की दर वेळी थांबते.

इकडचं सांगते. त्या सकाळी साहेबांना मी सगळं बोलले. ते म्हणाले, स्पर्धक बुडत असेल तर आपण टाळ्या वाजवायच्या की दोर फेकायचा? मी त्यांच्या दाराबाहेर बसून राहिले. मग अकरा वाजता आमच्या शाखेच्या रांगेचा फोटो आला, आणि या वेळी खाली ‘तुफान प्रतिसाद’ लिहिलेलं नव्हतं. तो घेऊन आत गेले. म्हटलं, “रस्ता अरुंद आहे, साहेब.” त्यांनी फोटो पाहिला आणि फोन माझ्या हातात दिला. आता ते सगळ्यांना सांगतात की दोर फेकायची कल्पना त्यांची होती. सांगू देत. दोर पोचला, त्याबद्दल मी जन्मभर त्यांची ऋणी आहे.

पावतीची अट काढून टाकली आहे. कोणाचं खातं बंद करवून यापुढे कोणालाही काही मिळणार नाही. ग्राहक ओढायचा तर चांगल्या कामाने ओढायचा, शेजाऱ्याच्या घराची वीट काढून नाही, असं मी टिपणात लिहिलं होतं. वीट त्यांनी खोडली, बाकीचं ठेवलं. माझी बढती लांबली. त्याचं वाईट वाटत नाही.

वाईट वेगळ्याच गोष्टीचं वाटतं. एवढ्या मोठ्या पत्रात तू सगळ्यांचे आभार मानलेस, अगदी टायवाल्याचेही. माझ्या १८ तारखेच्या पत्राबद्दल एक अक्षर नाही. मिळालं नाही असं म्हणू नकोस, ‘बँक आहे’ हे तू सगळ्यात आधी लिहिलंस, ते माझं पत्र वाचूनच. रागावली असशील तर रागाव, पण लिही. माझ्या खुर्चीने तुझी आयुष्यभराची बँक रस्त्यावर आणली होती. तू मला वाढवलंस आणि मी हे केलं. तुझं ‘बाकी सगळं ठीक’ आलं तर मी पुढची गाडी पकडून येईन.

तुझी,
खारूताई

१ जुलै

खारूताई,

उत्तर द्यायला उशीर केला, कारण मला ते बसून लिहायचं होतं. आज बसले आहे.

काल मी निवृत्त झाले. भाषणं नकोत असं आधीच बजावलं होतं. संध्याकाळी कॅशियर म्हणाला, तुमचं नोकरीतलं खातं आजपासून बंद होतं, फॉर्मवर सही करा. मी सही केली आणि पर्स उचलली, तर म्हणाला, असं कसं, रीत आहे. त्याने मला माझ्याच केबिनमध्ये बसवलं, गिऱ्हाइकाच्या बाजूला. पाणी दिलं. स्वतः माझ्या जागी बसला, आठ्या घालून, आणि विचारलं, “आमचं काही चुकलं का, बाई?” इतकी वर्षं मी हा प्रश्न लोकांना विचारला. उत्तर देणं किती जड जातं, ते मला काल कळलं. मी ‘नाही’ म्हणून मान हलवली आणि पाणी संपवलं. मग त्याने मला दारापर्यंत सोडलं. त्या तुटक्या पायरीवर हात धरला.

बाहेर आले आणि हातात बघते तर खातं बंद केल्याची पावती. सरळ रस्ता ओलांडला. टायवाल्याच्या काउंटरवर पावती ठेवली आणि म्हटलं, खुर्ची द्या. तो म्हणाला, बाई, योजना बंद झाली. मी म्हटलं, मला माहीत आहे, बंद करणारी माझी भाची आहे. तो आत गेला आणि एक खुर्ची घेऊन आला. त्या गडबडीनंतर त्याने ती मागे ठेवून दिली होती. म्हणाला, तुम्ही कधीतरी मागाल असं वाटत होतं. मग तोही मला दारापर्यंत सोडायला आला. त्यांच्याकडे तशी रीत नाही.

आता तुझ्या पत्राचं. ती खुर्ची तुझी, हे मला तू सांगायच्या आधीपासून माहीत होतं. मार्चमध्ये टायवाल्याच्या आग्रहाने तीत बसले ना, त्याच दिवसापासून. अगं, फुकट वाटायच्या घडीच्या खुर्चीला हात कोण लावतं? खर्च वाढतो, घडी जाड होते. हात तोच लावेल ज्याने लहानपणी म्हाताऱ्यांना बाकावरून ओढून उठवलंय. मी उठताना दोन्ही हात टेकवले, सहज उठले, आणि समजले. म्हणून लिहिलं होतं, त्या माणसाला माणसं कळतात. त्याहून जास्त लिहिलं असतं तर तू संकोचाने योजनाच मागे घेतली असतीस, आणि तुझं काम मी बिघडवावं, हे मला नको होतं. पावतीची अट पाहिली तेव्हा मात्र वाटलं होतं की पोरीने बाक लक्षात ठेवलं आणि रस्ता विसरली. आता रस्ताही लक्षात राहील.

तू बँक रस्त्यावर आणली नाहीस. तू, मी, अध्यक्ष आणि दीड टक्का, आपण सगळ्यांनी मिळून आणली. तिला आत घेऊन आले तेही आपणच, तुझ्याच खुर्च्यांवर बसवून.

सकाळपासून गॅलरीत या खुर्चीत बसले आहे. पाठ दुखत नाही. उठायचं झालं की दोन्ही हात टेकवते आणि कोणाला हाक न मारता उठते. तुझे आभार मानायचे राहिले होते, खारूताई, ते प्रत्येक वेळी उठताना मानते. आता तू ये. राहा चार दिवस. निघशील तेव्हा दारापर्यंत सोडायला मी उठेन.

तुझी,
आत्या